काचांच्या फटीतले आकडे

कॅल्क्युलेटर उजेडात जरा तिरका धरा. करड्या आकड्याची पुसट सावली मागच्या पत्र्यावर पडलेली दिसेल. आकडा उमटतो दोन काचांमधल्या लिक्विड क्रिस्टल नावाच्या द्रवात.

अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या चमूने १९६८ मध्ये असा पडदा जगाला दाखवला. पण नमुना जमणे म्हणजे घरातल्या चौघांपुरत्या पुरणपोळ्या. पंगतीचा घाट वेगळा. एकाच दिशेने वीज दिली की द्रव लवकर खराब व्हायचा. आरसीएने हात आखडता घेतला. जपानच्या शार्पने मात्र चिकाटीने द्रवाची मिश्रणे बदलून पाहिली, दिशा बदलणारी (एसी) वीज वापरली. १९७३ मध्ये त्यांचा ईएल-८०५ कॅल्क्युलेटर बाजारात आला. एका पेन्सिल सेलवर १०० तास चालणारा!

कारखान्यातली खरी कसरत दोन काचांमधल्या फटीची. ती असते जेमतेम काही मायक्रॉनची, केसाहून कितीतरी बारीक. धुळीचा कणही तिथे धोंडाच. मग द्रव आत घालायचा कसा? कडेला छोटे तोंड ठेवून काचांची जोडी निर्वात पेटीत ठेवतात, तोंड द्रवात बुडवतात आणि पेटीत हळूच हवा सोडतात. हवेच्या दाबाने द्रव आपसूक आत सरकतो. मग तोंडाला डिंकाचे बूच.