दीपा कर्मकार : एका उडीमागील तपश्चर्या

अमरावती येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. मंडळापासून जवळच असलेल्या चांदूर रेल्वे परिसरातील शाळांना त्यामुळे मल्लखांब व कसरती अपरिचित नाहीत. तथापि, ऑलिम्पिकमधील जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत भारतीय महिलेला स्थान मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले. हा मान त्रिपुरा राज्यातील आगरतळा येथील दीपा कर्मकार यांनी मिळविला. त्यांची वाटचाल शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी समजून घेण्याजोगी आहे.

प्रारंभ

दीपा कर्मकार यांचा जन्म ९ ऑगस्ट १९९३ रोजी झाला. वडील भारोत्तोलनाचे प्रशिक्षक होते. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांचा सराव सुरू झाला. तळपाय सपाट असल्याने उडी मारणे व पाय रोवून उतरणे अवघड जाई. हा दोष दीर्घ व्यायामाने कमी करण्यात आला. साधनांची वाण असल्यामुळे प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांनी जुन्या स्कूटरचे भाग वापरून सरावाची सामग्री तयार केली. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णपदके मिळविली. २०१४ साली ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्ट प्रकारात त्यांना कांस्यपदक मिळाले.

गुणांचे गणित

महिलांच्या या स्पर्धेत व्हॉल्ट, असमान उंचीचे दांडे, अवघी १० सेंटिमीटर रुंदीची तुळई आणि जमिनीवरील कसरती असे चार प्रकार असतात. कसरतीच्या काठिण्याचे गुण व सफाईचे १० पैकी गुण यांची बेरीज केली जाते. काठिण्य जितके अधिक, तितका धोकाही अधिक. व्हॉल्टवर हात टेकून हवेत पुढे दोन कोलांट्या घेण्याची ‘प्रोदुनोव्हा’ उडी अशीच आहे. उतरताना चूक झाल्यास मानेस वा पाठीच्या कण्यास गंभीर इजा होऊ शकते.

रिओ येथील अंतिम फेरीत ही उडी घेऊन दीपा यांनी दोन उड्यांच्या सरासरीने १५.०६६ गुण मिळविले व त्या चौथ्या आल्या. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. त्याच वर्षी त्यांना राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार व नंदी यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला.

चढउतार

२०१७ साली गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. २०१८ साली तुर्कस्तानातील मेर्सिन येथे त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे प्रतिबंधित द्रव्य नमुन्यात आढळल्याने त्यांच्यावर २१ महिन्यांची बंदी आली. ती जुलै २०२३ मध्ये संपली. खेळाडूने घेतलेले प्रत्येक औषध व पूरक आहार तपासून घेणे किती आवश्यक आहे, हे या प्रकरणावरून ध्यानात यावे. मे २०२४ मध्ये ताश्कंद येथे आशियाई विजेतेपद मिळवून त्यांनी पुनरागमन केले. हे विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय जिम्नॅस्ट ठरल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

आपल्यासाठी बोध

दीपा यांच्या उडीचे अनुकरण शाळेच्या पटांगणावर कोणी करू नये. अनुकरण करावयाचे ते पूर्वतयारीचे. पहिली-दुसरीतील मुलींची लवचिकता व तोल शिक्षकांनी हेरावा. त्यांना दोरीवरचा मल्लखांब व साध्या कोलांट्या जाणकाराच्या देखरेखीखाली, जाड गादीवर शिकवाव्यात. मुलगी मोठी झाली म्हणून तिचा सराव थांबणार नाही, याविषयी पालकांशी बोलावे. पंचायतींनी व्यायामशाळेतील गाद्यांची व दोरांची वेळोवेळी तपासणी करवून घ्यावी. आगरतळा हे काही मोठ्या साधनसंपत्तीचे केंद्र नव्हते. घराजवळ मिळालेला जाणता प्रशिक्षक आणि न खंडलेला सराव, हेच तेथील खरे भांडवल होते. ते उभे करणे तालुक्याच्या गावासही अशक्य नाही.