विश्लेषण : पावसाळी जंगलात जीन्स आणि स्पोर्ट्स शूज का नकोत?

पावसाळा सुरू झाला की आंबोली, चोर्ला, भीमाशंकरच्या वाटा भटक्यांनी गजबजतात. तयारी मात्र ‘भिजायचे नाही’ एवढ्याच विचाराने होते. वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आंबोलीसारख्या ठिकाणी चार तास चालणारा माणूस भिजतोच. पावसाने नाही भिजला, तर घामाने. त्यामुळे कपडे आणि बूट निवडताना पाहायचे ते एवढेच, की भिजल्यानंतर ते साथ देतील का?

ओल्या जीन्सचा धोका काय?

सुती कापड पाणी धरून ठेवते. ओली जीन्स जड होते, गुडघ्याला चिकटते आणि चढावर पाऊल उचलणे अवघड करते. त्याहून मोठा धोका थंडीचा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. घाटमाथ्यावर वारा सुटला आणि अंगात ओला सुती टी-शर्ट असला, की शरीराचे तापमान घसरू लागते. ते ३५ अंश सेल्सिअसखाली गेल्यास त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सतत थरथर, अडखळते बोलणे, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे.

म्हणून पॉलिस्टर किंवा नायलॉनचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत. ते लवकर वाळतात आणि काटे, डास यांपासूनही वाचवतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये ठेवावा.

महागडे जॅकेट घेतले तर?

हवा खेळती ठेवणाऱ्या वॉटरप्रूफ जॅकेटमधून घामाची वाफ बाहेर पडते, पण आतल्यापेक्षा बाहेर बाष्प कमी असेल तरच. दमट जंगलात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. कोकणातल्या शेतकऱ्याचे इरले इथे जास्त शहाणे ठरते : डोक्या-पाठीवर छप्पर आणि खालून मोकळी हवा. झाडीतल्या वाटेवर सैल पोंचो हेच काम करतो. उघड्या कड्यावर मात्र तो वाऱ्याने उडतो, पाऊल कुठे पडते ते दिसत नाही. तिथे काखेत चेन असलेले जॅकेट बरे.

बूट वॉटरप्रूफ हवेत का?

ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरले, की वॉटरप्रूफ बूट ते बाहेर जाऊ देत नाही. गमबूट चिखलात उत्तम, पण लांबच्या चढ-उताराला गैरसोयीचे. पाणी निथळून जाईल असे, घोटा झाकणारे आणि तळव्याला खोल खाचा असलेले रबरी बूट निवडावेत. रोजच्या स्पोर्ट्स शूजचा सपाट तळवा चिखलात घसरतो. शेवाळलेल्या खडकावर तर कोणत्याच बुटाचा भरवसा नाही. तिथे काठी आणि छोटी पावले हवीत.

माळ्यावर पडून असलेले जुने बूट तसेच घालू नयेत. तळव्यातले पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू ठिसूळ होते आणि ऐन वाटेत तळवा सुटून येतो. सोबत मजबूत दोरी असावी.

जळवा आणि साप?

जळवांसाठी घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स मिळतात. पँट त्यांत खोचावी. चिकटलेली जळू ओढू नये, नखाने सरकवून सोडवावी. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळे जखम दाबून धरावी.

चापड्याचा धोका वेगळा. आपल्याकडील प्रचलित प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. चापड्याच्या विषावर त्याची खात्री नाही. दंश झाल्यास रुग्णालय गाठायचेच, पण घोटा झाकणारा बूट ही त्याआधीची काळजी आहे.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

बूट, मोजे आणि पँट बादलीत भिजवा आणि ती घालून अर्धा तास जिने चढा-उतरा. कुठे काचते, काय जड होते, पाय कुठे घसरतो, हे सगळे घरीच कळेल. जंगलात कळले, तर परतीची वाट त्याच बुटांनी काढावी लागते.