गार्डन रीचची बोट आणि गावसकरांचं गाणं

कोलकात्याला जाणारा मराठी माणूस कालीघाट पाहतो, बेलूर मठ पाहतो, व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर फोटो काढतो आणि रसगुल्ल्याचे डबे बांधून परत येतो. शहराच्या नैर्ऋत्येला हुगळीच्या काठाने पसरलेलं गार्डन रीच कुणाच्या यादीत नसतं. असावं तरी कशाला? गोदीच्या लांबलचक भिंती, युद्धनौका बांधणारा सरकारी कारखाना, शेजारच्या मटियाबुर्जमध्ये शिंप्यांच्या गल्ल्या. पण आपल्या लाडक्या सुनील गावसकरांवर वेस्ट इंडिजच्या एका कृष्णवर्णीय गायकाने जे गाणं रचलं, त्याचा माग काढत गेलं तर वाट याच घाटांवर येऊन पोचते.

गोष्ट साखरेपासून सुरू होते. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने साम्राज्यातली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. १८३८ मध्ये वेस्ट इंडिजमधले काळे गुलाम खऱ्या अर्थाने सुटले. सुटलेल्या माणसाने काय केलं? कुणाच्याही मनात येईल तेच केलं. त्याने मजुरी मागितली, ती बरी मिळावी म्हणून अडून बसला आणि जमलं तिथे उसाचा मळा सोडून चालू लागला. मळेवाल्यांना हे परवडणारं नव्हतं. त्यांना कमी पैशांत राबणारे, करारात अडकलेले आणि पळून जायला जागा नसलेले हात हवे होते. ते सापडले हिंदुस्थानात. बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतून माणसं गोळा करून कलकत्त्याला आणली जात. गार्डन रीच आणि भवानीपूर भागातल्या डेपोंत त्यांना ठेवत, डॉक्टर तपासत, नंबराचा बिल्ला देत आणि बोटीत चढवत. करार पाच वर्षांचा. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचं झालं ‘गिरमिट’ आणि त्या माणसांचं नाव पडलं गिरमिटिया. त्रिनिदाद म्हणजे ‘चिनीदाद’, साखरेचा देश, अशी भुलावण अडाणी माणसांना घातली जाई, असं सांगतात.

‘फतेल रझाक’ हे जहाज फेब्रुवारी १८४५ मध्ये कलकत्त्याहून निघालं आणि ३० मे १८४५ रोजी सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. ब्रिटिश गयानाला तर १८३८ मध्येच सुरुवात झाली होती. १९१७ मध्ये भरती थांबेपर्यंत गयानात सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादमध्ये जवळपास दीड लाख माणसं उतरली. त्यांतली फार मोठी संख्या कलकत्ता बंदरातून गेलेली. ही पद्धत मुळापासून बंद करा, असा ठराव १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडणारे होते आपले गोपाळ कृष्ण गोखले. ठराव तेव्हा फेटाळला गेला, पण वादाला तोंड फुटलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपण गिरमिटियांच्या हालांबद्दल हळहळतो आणि ते रास्तच आहे. पण त्यांना तिथे नेलं होतं ते काळ्या मजुराची मजुरी पाडण्यासाठी. म्हणजे आपल्या माणसांचा उपयोग एका पिळलेल्या माणसाविरुद्ध काठी म्हणून झाला. काठीला विचारलं कुणी नव्हतं हे खरं, पण मार ज्याला बसला तो ते विसरला नाही. गयाना आणि त्रिनिदादच्या राजकारणात भारतीय वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे एकमेकांकडे संशयाने पाहतात, त्याची मुळं इथे आहेत.

ताशा तोच, कडकडाट तोच

तरीही माणसं शेजारी राहिली की सूर एकमेकांच्या घरात शिरतातच. गार्डन रीचच्या मटियाबुर्जमध्ये तेव्हा एक पदच्युत नवाब राहत होता. अवधचा वाजिद अली शाह. १८५६ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, नवाब कलकत्त्याला आला आणि १८८७ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. या नवाबाने लखनौत केलेल्या बायकांमध्ये यास्मीन महल नावाची एक आफ्रिकी वंशाची बेगमही होती. नदीकाठी त्याने लखनौचं छोटं रूप उभं केलं. मोहरम थाटात पाळला जाई. त्याच्या सिब्तैनाबाद इमामबाड्यात आज त्याची कबर आहे. आणि याच काठावरून, बिल्ले मिळालेले गरीब लोक तोच मोहरम मनात घेऊन बोटीत चढत होते. त्रिनिदादमध्ये त्याचं नाव झालं ‘होसे’. ताजियांसोबत ताशे वाजत. होय, ताशेच! पुण्याच्या गणेश विसर्जनात आपण ऐकतो तेच वाद्य. तिकडे त्याला ‘तासा’ म्हणतात, आणि वाजवण्याआधी त्याचं कातडं शेकोटीवर तापवून ताणतात. होसेच्या मिरवणुकीत हिंदू असत आणि काळे शेजारीही सामील होत.

सरकारला दोन्हीकडच्या ढोलांची भीती वाटे. १८८१ मध्ये काळ्यांच्या कार्निव्हलवर पोलीस चालून गेले. १८८४ मध्ये सान फर्नांडोत होसेच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि किमान १६ माणसं मेली. काळ्यांच्या ढोलांवरही बंदी आली. ढोल नाही तर नाही, त्यांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे तेलाचे रिकामे पिंप ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. तोच आजचा स्टीलपॅन, त्रिनिदादचं राष्ट्रीय वाद्य.

याच मातीत कॅलिप्सो वाढला. कॅलिप्सो म्हणजे नुसतं नाचगाणं नव्हे. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांचं ते वर्तमानपत्र होतं. गव्हर्नरची लफडी, महागाई, संप, क्रिकेटची मॅच, सगळं त्या आठवड्यात घडावं आणि पुढच्या आठवड्यात गाण्यात यावं. आपल्या तमाशातली बतावणी आठवा, किंवा शाहिराचा ताज्या घटनेवरचा पोवाडा. गायकांची नावंही ऐटदार. कुणी ‘लॉर्ड’, कुणी ‘मायटी’. गोऱ्या साहेबाच्या पदव्या अंगावर चढवून त्यालाच चिमटे काढायचे!

अशाच एका ‘लॉर्ड’ने भारताचं ऋण उघडपणे मान्य केलं. लॉर्ड शॉर्टी, खरं नाव गारफिल्ड ब्लॅकमन. त्रिनिदादमध्येही एक बॅरकपूर आहे, कलकत्त्याजवळच्या बॅरकपूरवरून नाव पडलेलं. त्याच भागात, भारतीय वंशाच्या शेजाऱ्यांत शॉर्टी वाढला. १९७० च्या दशकात कॅलिप्सो मागे पडतोय असं दिसल्यावर त्याने त्यात ढोलकी आणि ताशाचा ताल मिसळला. १९७३ मध्ये ‘इंद्राणी’ नावाचं गाणं काढलं. भारतीय वंशाच्या काहींना ते रुचलं नाही, पण त्यातून पुढे ‘सोका’ हा नवा प्रकार जन्मला. आज कॅरिबियन बेटांवर कार्निव्हल म्हटलं की सोका. त्यात गार्डन रीचहून गेलेली ढोलकी आहे आणि ती तिथे बसवली एका काळ्या माणसाने.

मुंबईच्या पोरावर पोर्ट ऑफ स्पेनचं गाणं

आता १९७१. अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजला गेला तेव्हा जिंकण्याची आशा फारशी कुणाला नव्हती. पोर्ट ऑफ स्पेनला आपण कसोटी जिंकलो आणि पुढे मालिकाही १-० अशी. दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा आणि पहिल्याच मालिकेत, चार कसोटींत, २१ वर्षांच्या गावसकरांच्या ७७४ धावा! शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०. लॉर्ड रिलेटर, म्हणजे विलर्ड हॅरिस या त्रिनिदादच्या गायकाने गावसकरांवर कॅलिप्सो रचला. घरचा संघ हरलाय, आणि हा पठ्ठ्या पाहुण्या पोराचं कौतुक करतोय, आपल्याच खेळाडूंची टर उडवतोय. पराभवावर असं हसता येणं ही मोठी संस्कृती आहे. आपल्याकडे मॅच हरल्यावर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

कौतुकाची ही देवघेव दोन्हीकडून होती. गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन, ते गयानाच्या रोहन कन्हायवरून. कन्हाय गिरमिटियांच्या वंशातला, आणि त्याची २५६ धावांची मोठी खेळी कोलकात्याच्याच ईडन गार्डन्सवर, १९५८-५९ च्या दौऱ्यातली. पुढे रोहन गावसकर बंगालकडून खेळला, बंगालचा कप्तानही झाला. आणि त्रिनिदादमध्ये एका क्रिकेटवेड्या बापाने मुलाचं नाव सुनील ठेवलं, गावसकरांवरून. तो सुनील नारायण २०१२ पासून कोलकात्याच्या संघातून खेळू लागला. अशी सोयरीक सख्ख्या नात्यातही सापडत नाही!

पण याच कथेत एक कडू पान आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९७६ मध्ये जमैकात वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांनी आपल्या फलंदाजांना अक्षरशः फोडून काढलं. अंशुमन गायकवाडांच्या कानाला मार बसला, विश्वनाथचं बोट मोडलं. प्रेक्षक आणखी बाउन्सर मागत ओरडत होते. गावसकरांचा संताप समजण्यासारखा होता. पण ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या प्रेक्षकांना जे म्हटलं ते संतापाच्या पलीकडचं होतं. हे लोक सुधारलेल्या देशात नव्हे, जंगलात शोभतात, असा त्याचा आशय. गोऱ्या प्रेक्षकांनी इतकाच उच्छाद मांडला असता तर ‘जंगल’ हा शब्द सुचला असता का? गावसकरांवर आमचं प्रेम आहे म्हणूनच हा प्रश्न विचारावासा वाटतो. कारण तो शब्द त्यांच्या एकट्याचा नाही. तो आपल्या घराघरांत आहे.

डॅरेन सॅमीचं उदाहरण घ्या. सेंट लुशियाचा हा कप्तान. ३ एप्रिल २०१६ ला ईडन गार्डन्सवर त्याच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. शेवटच्या षटकात १९ धावा हव्या होत्या आणि कार्लोस ब्रेथवेटने लागोपाठ चार षटकार ठोकले. त्याच दिवशी, त्याच मैदानावर त्यांच्या मुलींनीही विश्वचषक जिंकला होता. ड्वेन ब्राव्होच्या ‘चॅम्पियन’ गाण्यावर सगळे नाचले आणि कोलकाता त्यांच्यासोबत नाचलं. चार वर्षांनी, जून २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जगभर आंदोलन पेटलं असताना सॅमीने सांगितलं की, आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला ‘कालू’ म्हणून हाक मारत. त्याला वाटे, या शब्दाचा अर्थ दणकट घोडा असावा. अर्थ कळल्यावर तो दुखावला. पुढे एका सहकाऱ्याने बोलून त्याची समजूत घातली, ते प्रेमाने म्हटलेलं होतं असं सांगितलं आणि सॅमीने ते मान्यही केलं.

प्रेमाने! नेमकी इथेच मेख आहे. आपल्याकडे सावळ्या मुलीला ‘काळी’ म्हणतात तेही प्रेमानेच. सून पाहताना ‘नाकीडोळी नीटस आहे, पण...’ म्हणत वाक्य अर्धवट सोडतात, तेही तिच्या भल्यासाठीच. २०२० च्या त्याच उन्हाळ्यात एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली आणि ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. नाव बदललं, ट्यूब दुकानात तशीच राहिली.

आणि जो काळा माणूस षटकार मारत नाही, गातही नाही, नुसता शिकायला येतो, त्याचं काय? मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर संशयावरून जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून मारलं. त्याआधी २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर वातावरण तापलं, तेव्हा तिथल्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांची तुलना थेट कॅन्सरशी केली. नंतर दिलगिरी व्यक्त झाली. खातं कोणतं होतं? कला आणि संस्कृती!

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. तेव्हा गार्डन रीचहून बोटी सुटतच होत्या. म्हणजे पुण्यात बसून एका मराठी माणसाला जे दिसलं होतं, ते पाहायला आपल्याला आज दुर्बीण लागते.

कोलकात्याने मात्र एक हिशेब चोख ठेवलाय. १७ मार्च १९६२ ला बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला पुढे आलेल्यांत प्रतिस्पर्धी संघाचा कप्तान फ्रँक वॉरेल होता, वेस्ट इंडिजचा पहिला नियमित कृष्णवर्णीय कप्तान. कॉन्ट्रॅक्टर वाचले. वॉरेल १९६७ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, रक्ताच्याच कॅन्सरने गेला. बंगालची क्रिकेट संघटना १९८१ पासून दर ३ फेब्रुवारीला फ्रँक वॉरेल दिन पाळते आणि त्या दिवशी कोलकात्यात रक्तदान होतं. कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी तब्बल ६० वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढण्यात आली.