अ‍ॅलर्जीची गोळी काय करते, काय करत नाही



बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात सेट्रिझिनची एखादी पट्टी सापडतेच. ती गोळी नेमकं काय करते आणि कुठे तिच्या भरवशावर राहायचं नाही, हे आज पाहू.

आपल्या त्वचेत, नाकात, श्वासनलिकेत मास्ट पेशी असतात. फौजी भाषेत सांगायचं तर सरहद्दीवरच्या चौक्या. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसात या चौक्या परागकणांना किंवा धुळीलाही शत्रू समजतात आणि हिस्टामिन सोडतात. ते एच-१ नावाच्या ग्राहींवर जाऊन बसलं की नाक गळतं, शिंका येतात, डोळे खाजतात, अंगावर गांधी उठतात. आपण त्याला ‘पित्त उठलं’ म्हणतो, पण तो खेळ हिस्टामिनचा असतो, पोटातल्या पित्ताचा नव्हे.

अँटिहिस्टामिन हिस्टामिनला मारत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ते हिस्टामिनची जागा अडवतं. म्हणूनच परागांच्या हंगामात डॉक्टर शिंकांची वाट न पाहता रोज गोळी घ्यायला सांगतात.

मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागं ठेवतं. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधं तिथेही पोहोचतात, म्हणून झोप येते. ती घेऊन गाडी चालवू नका. प्रोस्टेट वाढलेल्यांना त्यांनी लघवी अडू शकते, तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींनी आधी डॉक्टरांना विचारावं. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांनी झोप कमी येते. सेट्रिझिनने मात्र काहींना येते. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्या, फळांच्या रसाने त्याचा असर घटतो.

ही गोळी दम्याचं औषध नव्हे. गाजरगवत लागून त्वचेवर येणाऱ्या चट्ट्यांवरही तिचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे वेगळ्या पेशी लढत असतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. मधमाशी चावल्यावर, शेंगदाणे किंवा कोळंबी खाल्ल्यावर, एखाद्या औषधानंतर जीभ-घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, तर गोळी देऊन वाट पाहू नका. तिथे जीव वाचवतं ते मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. माणसाला चालवू नका, ११२ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!