फलटणच्या बेबीताई : संसार केला, दुकान चालवले, इतिहासही लिहिला

आपल्या वस्तीतली एखादी म्हातारी आजी गेली की शोकसभा होते. बुद्धवंदना होते, दोन-चार मंडळी बोलायला उभी राहतात. "आजींनी फार कष्ट केले, मुलांना शिकवले, बाबासाहेबांवर निष्ठा ठेवली" असे सगळे सांगतात. हे खरेच असते. पण त्या आजीने काय पाहिले, काय सोसले, तिच्या मनात काय होते, हे तिला हयातीत कोणी विचारलेले नसते. साठ-सत्तर वर्षांचा संसार दोन वाक्यांत संपतो आणि आपण घरी येतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे तसे झाले नाही, कारण त्यांनी कोणी विचारण्याची वाट पाहिली नाही. स्वतःच लिहून ठेवले. १९२९ साली जन्मलेल्या बेबीताई २१ एप्रिल २०१२ रोजी फलटणला गेल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या त्या आयुष्याची ओळख आपल्या घराघरातल्या मुली-सुनांना व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजोळचे दिवस

बेबीताईंचा जन्म पुरंदर तालुक्यातल्या वीरगावी, आजोळी झाला. आजोबा साहेब लोकांकडे बटलरची नोकरी करीत. त्यामुळे त्या घरी दोन वेळची भाकरी होती. पण महारवाड्यात इतरांच्या घरी काय चालले आहे, हे या पोरीच्या नजरेतून सुटले नाही. बाळंतिणीला पोटभर अन्न नाही. दुष्काळात निवडुंगाची बोंडे खाऊन दिवस काढायचे. देवाला सोडलेला थोरला मुलगा पोतराज होऊन फिरायचा. येसकराने घुंगुरकाठी घेऊन गावाची हरकामे करायची आणि बदल्यात शिळे तुकडे मागून आणायचे. महाराच्या बाईने लुगड्याचे काठ दिसतील असे नेसायचे नाही, निऱ्यांत लपवायचे, म्हणजे लांबूनच तिची जात ओळखू यावी.

याच भागात बाबासाहेब आले. जेजुरीला त्यांचे भाषण झाले. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, देवाधर्माच्या नादी लागू नका, मुलांना शाळेत घाला, हा त्यांचा निरोप चावडी-चावडीवर पोचला. म्हातारी माणसे बिचकली, तरुण पोरे आणि काही बाया मात्र पेटून उठल्या. हे सगळे लहानग्या बेबीच्या कानांवर पडत होते. जन्मभर ते त्यांनी मनात जपून ठेवले.

पुढे फलटणला मुलींच्या शाळेत नाव घातले. वर्गात बहुतेक मुली वरच्या जातीच्या. आपल्या पोरींना कोपऱ्यात वेगळे बसवत, पाण्याला हात लावू देत नसत. पण या पोरी मान खाली घालून बसणाऱ्या नव्हत्या. टोमण्याला टोमणा देत, प्रसंगी भांडणही करीत.

द्राक्षांपासून किराणा दुकानापर्यंत

चौथी झाली आणि तेराव्या वर्षी कोंडिबा कांबळे यांच्याशी लग्न झाले. नवऱ्याला कामधंदा नव्हता. दुसऱ्याच्या दारी चाकरी करण्यापेक्षा आपला धंदा करावा, ही बाबासाहेबांची शिकवण बेबीताईंच्या मनात पक्की होती. घोसातून गळालेली सुटी द्राक्षे स्वस्तात घेऊन विकावी, असे त्यांनीच सुचवले. त्यातून चार पैसे सुटले. मग भाजीपाला ठेवला. पुढे मीठ, तेल, साखर असा किराणा माल भरला आणि राहत्या जागीच दुकान उभे राहिले. गिऱ्हाईक आपलीच वस्तीतली माणसे. पोटापुरते मिळू लागले.

दहा लेकरांना त्यांनी जन्म दिला. सगळी जगली नाहीत. जी जगली त्यांना वाढवायचे, घरचे सगळे करायचे आणि वर दुकान सांभाळायचे, अशी ती कसरत होती. दुकानात पुड्या बांधायला रद्दी येई. बेबीताई पुडी बांधण्याआधी तो कागद वाचून काढायच्या. पुढे ग्रंथालयाच्या सभासद झाल्या, पुस्तके आणू लागल्या. चौथी शिकलेल्या बाईचे खरे शिक्षण त्या गल्ल्यावर बसून झाले.

आणि तिथेच लिहिणे सुरू झाले. मालक माल आणायला बाहेर गेले, गिऱ्हाईक थांबले की वही निघायची. पावले वाजली की ती रद्दीच्या गठ्ठ्याखाली किंवा वरच्या फळीवर सरकवायची. बाई लिहिते हे घरात कोणाला खपले नसते. एक-दोन नव्हे, सुमारे वीस वर्षे त्यांनी हे लिखाण असे लपवून ठेवले.

जिणं आमुचं

फलटणला राहून अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन विदुषींशी बेबीताईंची ओळख झाली. त्यांना या लिखाणाची माहिती कळली आणि ते छापले गेले पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. आधी 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघाले. २००८ साली माया पंडित यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि वीरगावच्या महारवाड्याची हकिकत परदेशातल्या विद्यापीठांतही वाचली जाऊ लागली.

शिकून नोकरीला लागलेल्या पोरांना जुन्या दिवसांची, जातीच्या नावाचीही लाज वाटू लागली, हे बेबीताईंनी पाहिले होते. आपल्या नातवंडांना आपण कुठून आलो हे कळले पाहिजे, म्हणून त्यांनी लिहिले. बाबासाहेबांमुळे खुर्ची मिळाली आणि मग समाजाला विसरले, अशा शिकलेल्यांनाही त्यांनी खडे बोल सुनावले आहेत.

आणि एक गोष्ट त्यांनी धीटपणे मांडली. गावाने आपल्याला गुलाम केले, हे आपण सगळेच सांगतो. पण त्या गुलामाच्या घरातही एक गुलाम होती, ती म्हणजे सून. आठ-नऊ वर्षांची पोर सासरी यायची, पहाटेपासून जात्यावर बसायची, सासूचा मार खायची. पळून गेली आणि सापडली तर तिच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवायचे. संशयावरून बायकोचे नाक कापल्याचे प्रकारही त्यांनी लिहून ठेवले. आपल्या माणसांची अब्रू जाईल म्हणून त्यांनी ते झाकले नाही.

स्वतःच्या संसाराबद्दल मात्र पुस्तकात त्या फारशा बोलल्या नाहीत. समाजाचे दुःख तेच माझे दुःख, अशी त्यांची भूमिका होती. उतारवयात माया पंडित यांनी मुलाखतीत विचारले तेव्हा त्यांनी सांगितले. एकदा नवरा-बायको सभेसाठी मुंबईला निघाले. गाडीच्या डब्यात गर्दी होती. काही तरुण पोरांनी बेबीताईंकडे पाहिले, एवढ्यावरून नवऱ्याने संशय घेतला आणि नाकातून रक्त येईतो मारले. निघाले होते ते चळवळीच्या सभेला! असे आयुष्य त्या काळी बहुतेक बायकांच्या वाट्याला होते, हेही त्यांनी सांगितले.

हे वाचताना आपल्याला अवघड वाटते. वाटलेच पाहिजे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. तिथे बाबासाहेबांनी सांगितले होते की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा. बेबीताईंचे लग्न झाले ते याच सुमाराला. बाबासाहेबांचा हा शब्द आपल्या किती घरांत चुलीपर्यंत पोचला, हा प्रश्न बेबीताई आपल्यापुढे ठेवून गेल्या आहेत. त्यांनी ना चळवळ सोडली, ना संसार सोडला. फलटणजवळ मागास समाजातल्या मुलांसाठी त्यांनी निवासी शाळाही उभी केली. पण जे सोसले ते खोटे बोलून गोड केले नाही.

वही काढा

चळवळीतल्या जुन्या बायांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. त्या दोघी गेल्या नसत्या तर कितीतरी नावे मातीत मिळाली असती. पण प्रत्येक आजीच्या दारी लेखिका कुठून येणार? ते काम घरातल्यांनाच करायला हवे.

१९५६ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या आसपास आहे. घरातले देव नदीत सोडले तो दिवस आठवणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी विहारातून आल्यावर शाळेत जाणाऱ्या नातीच्या हातात वही द्या आणि तिला आजीजवळ बसवा. देव कधी सोडले? धम्म घेतला तेव्हा घरातले कोण काय म्हणाले? पहिल्यांदा शाळेत कोण गेले? गिरणीत, बांधकामावर, शेतावर किती मजुरी मिळायची? एवढे विचारून थांबू नका. "आजी, तुला शिकायचे होते का? तुला कोणी मारले का? तुझे काय राहून गेले?" हेही विचारा. आजी रडली तर रडू द्या. पण ती सांगेल तसे लिहा. घरच्या पुरुषांना बरे वाटावे म्हणून त्यात खाडाखोड करू नका.

बेबीताईंना आपली वही वीस वर्षे रद्दीत लपवावी लागली. तुमच्या घरातल्या आजीची वही उघडी टेबलावर असू द्या. त्या थोर माउलीला हेच खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!