घरांतल्या हवेंतील बोलणें



आपल्या घरांत दिवसभर एक संभाषण चाललेलें असतें, आणि त्यांतील एकहि शब्द आपल्या कानांवर पडत नाहीं. मोबाइल, संगणक, दूरदर्शनसंच, दारावरील कॅमेरा, क्वचित् एखादा विजेचा दिवासुद्धां, हीं सारीं यंत्रें भिंतीवरच्या त्या लहानशा पेटीशीं, म्हणजे वायफायच्या राउटरशीं, अव्याहत बोलत असतात. दुधाचा आणि विजेचा हिशेब आपण चोख ठेवतों. परंतु घरांतून बाहेर काय जातें, याची वही आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं उघडली असेल. ती कशी उघडावी, हें आज सांगावयाचें आहे.

यास मोठी सामग्री लागत नाहीं. २००२ च्या अखेरीस अमेरिकेंत लिंक्सिस कंपनीचा 'डब्ल्यूआरटी५४जी' हा घरगुती राउटर बाजारांत आला. त्याचा आंतला कारभार 'लिनक्स' या मुक्त प्रणालीवर चालतो, असें जाणकारांच्या ध्यानांत आलें. लिनक्सच्या परवान्याची अट अशी, कीं जो ती प्रणाली यंत्रांत घालून विकील, त्यानें तिची मूळ संहिताहि खुली केली पाहिजे. त्या अटीनुसार २००३ मध्यें संहिता प्रसिद्ध झाली, आणि २००४ मध्यें तिच्याच आधारानें 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. आज शेंकडों प्रकारच्या राउटरांवर ही प्रणाली चढवितां येते. तिच्यांत 'टीसीपीडंप' नांवाचें टिपण घेणारें साधन बसवावें, आणि तें टिपण वाचण्यासाठीं संगणकावर 'वायरशार्क' घ्यावें. जेराल्ड कोम्ब्स यांनीं १९९८ मध्यें 'इथीरियल' या नांवानें प्रसिद्ध केलेलें तेंच हें साधन. २००६ मध्यें त्याचें नांव बदललें. हें सर्व विनामूल्य मिळतें.

आतां ऐकावयास बसावें कोठें? जागा दोन आहेत. वाड्याच्या देवडीवर बसलेला पहारेकरी आंतबाहेर करणारा प्रत्येक माणूस पाहतो. तसें राउटरमध्येंच बसून टिपण घेतां येतें. घरांतील यंत्रें आणि राउटर यांच्यामधील वायफायची सांकेतिक लिपी या ठिकाणीं उलगडलेली असते, हा मोठा लाभ. मात्र राउटरच्या पोटांत जागा थोडी. म्हणून टिपण तेथें न सांठवितां, सुरक्षित मार्गानें ओळीओळीनें संगणकाकडे धाडावें. येथें नवशिका हमखास फसतो. धाडलेलें टिपण हीदेखील वाहतूकच! तिचेंहि टिपण होऊं लागतें, त्या टिपणाचें पुन्हां टिपण, आणि बघतां बघतां वही नुसत्या प्रतिध्वनीनें भरून जाते. तेव्हां टिपण ज्या वाटेनें जातें ती वाट, म्हणजे बहुधा क्रमांक २२ चें द्वार, वगळण्याची आज्ञा प्रथमच द्यावी.

दुसरी जागा म्हणजे प्रत्यक्ष हवा. सामान्यतः वायफायचा ग्राहक आपल्या नांवाचें पुडकें तेवढें घेतो व इतरांचें सोडून देतो. त्याला 'मॉनिटर' अवस्थेंत ठेवलें, कीं त्या वाहिनीवरील जें जें त्याला ऐकूं येतें, तें सारें तो उतरून घेतो. अर्थात् एका वेळीं एकच वाहिनी. आणि ही सोय प्रत्येक राउटरच्या चिपेंत असतेच असें नाहीं. अशा वेळीं दिसतें तें मनोरंजक असतें. राउटर सेकंदास सुमारें दहा वेळां आपलें नांव पुकारीत असतो. कोणतें यंत्र कोणाशीं बोलतें, हेंहि उघड दिसतें. कारण पाकिटावरचा पत्ता झांकलेला नसतो. आंतील मजकूर मात्र झांकलेला असतो. आपल्याच जाळ्याचा तो वाचावयाचा, तर डब्ल्यूपीए-२ या पद्धतींत केवळ परवलीचा शब्द पुरत नाहीं. यंत्र जोडलें जातांना होणारी चार संदेशांची देवघेवहि टिपलेली हवी, कारण प्रत्येक जोडणीची किल्ली तींतून नवी घडते. २०१८ मध्यें आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्यें एवढ्यानेंहि काम भागत नाहीं.

हा खटाटोप कशासाठीं, असें आपण विचाराल. माझ्या घरचीच गोष्ट सांगतों. आई वृद्ध, रात्रीं पडली तर कळावें म्हणून मीं तिच्या खोलींत एक स्वस्तांतला कॅमेरा लावला होता. दिवसा तो मोबाइलवरून 'बंद' करीत असें. एकदां सहज देवडीवरचें टिपण घेतलें, तों बंद केलेला कॅमेरा दुपारभर एका दूरच्या पत्त्याशीं बोलत असलेला आढळला. काय बोलत होता, तें सांकेतिक लिपीमुळें मला वाचतां आलें नाहीं. परंतु नुसती हजेरी देण्यास कांहीं थोडीं अक्षरें पुरतात. येथें कित्येक मेगाबाइट बाहेर गेले होते. आईला सांगितलें, तेव्हां ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे रे, मी लुगडें बदलतांना तें मेलें डोळे मिटून बसत नव्हतें?" मीं उठून त्याची वायर उपटली. मजकूर वाचतां आला नाहीं, तरी कोण, केव्हां, कोणाशीं आणि किती बोललें, एवढेंच पुष्कळ कांहीं सांगून जातें.

आणि जें मला माझ्या घरांत दिसतें, तें उघड्या जाळ्यावर परक्यालाहि दिसूं शकतें. २०१० मध्यें 'फायरशीप' नांवाच्या एका लहानशा साधनानें हें जगास दाखवून दिलें. उपाहारगृहांतील उघड्या वायफायवर शेजारच्या टेबलावरील माणसाचें समाजमाध्यमावरील खातें एका टिचकीसरशीं आपल्या हातीं येत असे. कारण प्रवेशानंतरचा व्यवहार तेव्हां बहुतेक ठिकाणीं उघडाच चाले. पुढील वर्षांत मोठमोठ्या संकेतस्थळांनीं आपला सारा व्यवहार सांकेतिक लिपींत नेला, त्याला अशा प्रात्यक्षिकांचाहि हातभार लागला.

एक मर्यादा मात्र कधींहि विसरूं नये. हें टिपण आपल्या घराचें, आणि घरांतील माणसांना सांगून घ्यावयाचें. शेजाऱ्याची भिंत पातळ आहे म्हणून तिला कान लावण्याचा अधिकार आपणांस मिळत नाहीं. परवानगीवांचून दुसऱ्याच्या जाळ्यांतून माहिती काढून घेणें आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वयें दोषास्पद आहे. मुलांच्या वा पत्नीच्या पाळतीसाठींहि हें साधन नव्हे.

आईच्या खोलींत आतां उशाशीं एक साधी विजेची घंटा आहे. ती दाबली, कीं माझ्या खोलींत वाजते. आणि कोठेंहि नाहीं.