वीस मिलिग्रॅमचा हिशोब

१६.३ आणि ४३.४. डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या, उपचाराने बरा होण्याची आशा संपलेल्या दर शंभर रुग्णांपैकी वर्षभरानंतर किती हयात, ते सांगणारे हे आकडे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १५१ रुग्णांवर केलेल्या चाचणीतून ते २०२२ मध्ये पुढे आले. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या गोळ्या होत्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढू देणारे, शिरेतून द्यायचे औषध.

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी यापेक्षा महत्त्वाचा आकडा मला दिसत नाही. इथे पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा तयार होतो आणि तासन्‌तास गालात राहतो. पुढे गाल आतून आखडतो, तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत. काहींना त्यानंतर कर्करोगाची गाठ येते. देशात २०२२ मध्ये ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळले, सुमारे ८० हजार दगावले.

मग बिघडलेल्या जनुकावर नेम धरणारी टार्गेटेड औषधे इथे का पुरत नाहीत? त्यांचा मोठा गाजावाजा मेलानोमातही झाला. त्वचेच्या या कर्करोगात बीआरएएफ जनुक अनेकदा सतत ‘चालू’ राहते. त्याचा संदेश दाबणाऱ्या डाब्राफेनिब-ट्रॅमेटिनिब जोडगोळीवर ५६३ पैकी ३४ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते. भारतात मात्र मेलानोमा लाखात एकालाही होत नाही. तोंडाच्या कर्करोगात बहुधा टीपी५३ हे पेशींची वाढ रोखणारे जनुकच निकामी झालेले असते. चालू असलेले बंद करता येते. मोडलेले गोळीने सांधत नाही. अर्लोटिनिब पेशीवरच्या ईजीएफआर या वाढीचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला अडवते, पण एकट्याने पुरत नाही, म्हणून ही सगळी मोट बांधावी लागते.

या उपचारानेही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षाच्या आत जातात, हे लपवू नये. रुग्ण जगण्याचा मध्यक काळ ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेले, इतकेच. पण खर्च पाहा. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, म्हणजे सहा आठवड्यांत ७२०. इथे लागते ४०, अठरावा हिस्सा.

सिरोंचा किंवा भामरागडहून चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या वर आहे. गोळ्या घरी घेता येतात, सलाइनसाठीच तेवढे यावे लागते. औषधाची सर्वांत लहान कुपी ४० मिलिग्रॅमची, त्यात दोघांचे डोस बसतात. टाटा ट्रस्ट आणि सरकारच्या सहभागातून चंद्रपुरात उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयात अशा दोघांना एकाच दिवशी बोलावले, तर थेंबही वाया जाणार नाही.